झेंडूच्या वावरातलं स्टेडियम

१ नोव्हेंबर १९९८, रविवार
दिवाळी संपली, झेंडू संपला. मखमलाबादचं खालचं वावर रिकामं. सकाळी बांधावर उभा राहिलो आणि एकदम डोळ्यांसमोर आलं: स्टेडियम.

आमच्या गोदातरंग फुटबॉल क्लबला स्वतःचं ग्राउंड नाही. क्रिकेटवाले आले की आम्ही उठायचं. मी अध्यक्ष. जुलैत टीव्हीवर वर्ल्ड कप बघितल्यापासून खात्री पटली आहे की नाशिकच्या फुटबॉलला कमी आहे ती फक्त मॅनेजमेंटची.

आबांना सांगितलं. (वडील. वावर त्यांच्या नावावर.) म्हणाले, "फ्लावरची रोपं तयार होऊ लागली. म्हैनाअखेरपर्यंत घे. मंग मी लावणार." महिनाअखेर एक सामना यशस्वी झाला की ते स्वतःच फ्लॉवरचं नाव काढणार नाहीत.

४ नोव्हेंबर
सामना ठरला. रविवार, २९ तारीख, दुपारी चार. समोर मालेगावची पॉवरलूमवाल्यांची टीम. आम्ही त्यांना आजवर हरवलेलं नाही. त्यांचे कोच फोनवर म्हणाले, दो ट्रक पब्लिक लाएंगे. म्हणजे तिकीट काढणारी दोन ट्रक माणसं आत्ताच नक्की!

दर: वीस रुपये. बायको, छाया, म्हणाली, तेवढ्यात पिक्चरची बाल्कनी येते, वर पंखा असतो. तिला समजावलं की स्वस्त ठेवलं तर लोकांना खेळ हलका वाटतो. आपल्या गुलाबाचंही तसंच. ती म्हणाली, संध्याकाळी उरलेला गुलाब तुम्हीच अर्ध्या भावात देता. तो विषय वेगळा.

९ नोव्हेंबर
रोलर फिरवला. जमीन इतकी टणक झाली की बॉल डोक्यापर्यंत उसळतो. आबा बांधावरून बघत होते. बहुधा कौतुक.

११ नोव्हेंबर
केरू मंडपवाला आला. बांबूची गॅलरी, व्हीआयपींना खुर्च्या आणि चारही बाजूंनी कनात. कनात नसेल तर लोक रस्त्यावरूनच फुकट बघतील. केरू म्हणाला, "भाऊ, लग्नाला तीनच बाजू लागतात. तुम्ही चार मागता. त्यात सीझन." कनातीचं भाडं बाकी सगळ्या खर्चाला भारी पडलं.

आमचा कॅप्टन वाळू म्हणाला, "कनात नाय लावली तर तिकीटच लावायला नको ना, भाऊ?" त्याला म्हटलं, तू लेफ्ट विंग सांभाळ.

१७ नोव्हेंबर
तिकीट एकही गेलं नाही. बाजार गरम व्हायला वेळ लागतो.
दर दहा केला. ही घसरण नव्हे, स्कीम.

२३ नोव्हेंबर
दर पाच. लेडीज फ्री.
पासला मात्र प्रचंड मागणी! फूलबाजारातले व्यापारी, खतवाले, रोलरवाला, रोलरवाल्याचा मेहुणा. वीस रुपये असताना कोणी ओळख देत नव्हतं, आता सगळे नातेवाईक निघाले. व्हीआयपी खुर्च्या संपल्या. पेंटरला 'हाऊसफुल्ल' बोर्ड रंगवायला सांगितला.

२८ नोव्हेंबर
आबांनी रोपं बांधावर आणून ठेवली. दुर्लक्ष केलं.

२९ नोव्हेंबर, सकाळ
आकाश स्वच्छ. कनात लालभडक. इतिहास घडणार.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.

तिकीटखिडकी गेटवर, तोंड रस्त्याकडे. खिडकीवर छाया बसणार होती. ती ऐन वेळी म्हणाली, मला सामना बघायचाय. म्हणून मी बसलो.

साडेतीनला मालेगावचे ट्रक आले. मी तिकीटपुस्तकं उघडून तयार. ट्रक कनातीला खेटून उभे राहिले आणि पब्लिक ट्रकवरच बसून राहिली. कोचना विचारलं, टिकट? ते प्रेमाने म्हणाले, "भाईजान, हम लोग ऊपरही ठीक हैं. हवा अच्छी आती है."

मग लक्षात आलं, शेजारच्या सिंधुबाईंच्या गच्चीवर माणसं मावत नाहीत. जिन्यात बाई स्वतः उभ्या. दोन रुपये, वर मूठभर शेंगदाणे. मी जाऊन हरकत घेतली. म्हणाल्या, "गच्ची माझी हाय, कुंदन. तू तुझं खालचं बघ, मी माझं वरचं बघते."

हाफटाइमला केरूची माणसं आली आणि कनात सोडायला लागली. द्वारका चौकात सातचं लग्न होतं. मी ओरडलो. केरू म्हणाला, बोलणं पाचपर्यंतचंच होतं. ते खरं होतं. कनात गुंडाळली तशी रस्त्यावरची सगळी गर्दी आत आली. भाजीवाले, सायकलवाले, एक आख्खी टेम्पोभर वऱ्हाडी मंडळी.

मी खिडकी सोडली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. भिंती नसल्या तरी गेट होतं.

शेवटी शेवटी पाठीमागे असा आवाज उठला की माझं टेबल हललं. वाळूने गोल मारला होता. आम्ही मालेगावला एक-शून्यने हरवलं! त्यांच्या कोचनी वाळूला उचलून घेतलं. लोक माझ्या गळ्यात पडत होते आणि म्हणत होते, काय गोल होता अध्यक्ष! मी म्हणत होतो, होता ना.

३० नोव्हेंबर
पेपरात बातमी: 'मोफत सामन्याचा स्तुत्य उपक्रम.' माझं नाव बरोबर छापलंय.
आबांनी ट्रॅक्टर लावला. फाळ जमिनीत घुसेना. ट्रॅक्टरवाल्याने जास्तीचे तास लावले, ते माझ्या नावावर.

१ डिसेंबर
दिवसभर जो तो गोलाबद्दलच बोलत होता. कसा झाला ते विचारायची सोय नाही. अध्यक्षाला माहीत असणार असं सगळे धरून चालतात.

शेवटी स्वयंपाकघरात जाऊन छायाला विचारलं. तिने पोळी अर्धी लाटून ठेवली आणि पोळपाटावरच दाखवलं. इथून वाळू निघाला, इथे एकाला चुकवलं, इथे पडता पडता सावरला, आणि गोलकीपर ह्या बाजूला झेपावला तेव्हा बॉल त्या बाजूला. बोलता बोलता तिचा चेहरा लाल झाला होता.

विचारलं, तुला व्हीआयपीतून इतकं नीट दिसलं?

म्हणाली, तिथे पुढे सगळे तुमचे पासवाले उभे. मी सिंधुबाईंच्या गच्चीवर गेले. दोन रुपये दिले.

पोळपाटासमोर बसलो. मग म्हणालो, "पुन्हा सांग. वाळूने बॉल घेतला तिथून."