मोहाखालचं फुलपाखरू

पोंभुर्णा, शुक्रवार संध्याकाळ

फोटो झकास आलेत. तरी जिवाला चैन नाही.

सकाळी गीताबाईंच्या मोहाखाली पोटावर पडून होतो. इथं घरागणिक मोहाचं झाड ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी वेचत नाही. गळलेल्या एका फुलावर तपकिरी फुलपाखरू रस पीत बसलं होतं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि मग कशाचंच भान राहिलं नाही. ते उडालं तेव्हा मान वर केली. समोर गीताबाई, हातात रिकामी टोपली. पलीकडे गावच्या गाई फुलं खाऊन राह्यलेल्या.

"बाई, आवाज काऊन नाई दिला?"

"ते उडालं असतं ना भाऊ. तुमी किती जीव लावून पाहून राह्यले होते! फुलं उद्या बी पडतीन."

उद्या पडतीलच. पण आजची? गाईंना साधं हाकललंही नाही त्यांनी. ती रिकामी टोपली काही डोळ्यांपुढून हलत नाही.

आता फोटो मोठे करून बघतोय. फुलपाखरामागे अंधूक जांभळा रंग आहे. सावली असेल म्हटलं. सावली कसली, बाईंचं लुगडं ते.

अगदी पहिल्या फोटोपासून आहे.