साडेतीन महिन्यांनंतरची तारीख

बाबा, आज आईला न्यूरोलॉजिस्टनी तपासलं. तारीख साडेतीन महिन्यांनंतरची मिळाली होती, पण अकराव्या दिवशीच नंबर लागला. तो कसा लागला हे तुम्हाला मुळीच आवडणार नाही, तरी सांगते. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आता रागावलात तरी मला ऐकू येणार नाही.

आईचा उजवा हात थरथरतो. गणपतीच्या सुमारास सुरू झालं. आधी नुसती कपबशी वाजायची, मग आमटीचा चमचा तोंडापर्यंत पोचेना, आणि आता ती आमच्याबरोबर पानावर बसतच नाही. "तुम्ही बसा, मी मागाहून बसते," म्हणते आणि नंतर ओट्याशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून जेवते. आपले नेहमीचे डॉक्टर म्हणाले, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. उशीर मी करत होते का? फोन लावला तर पंचवीस मिनिटं बासरी ऐकवली, आणि मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, या महिन्याची बुकिंग फुल आहेत. पुढची एक तारखेला ओपन होतील." एक तारखेला नऊच्या ठोक्याला फोन घेऊन बसले. तो सव्वानऊला लागला, तोवर तीही फुल. "अहो, पण त्यांना जेवता येत नाहीये," म्हटलं. "मॅडम, इथे येणाऱ्या सगळ्यांनाच काही ना काही झालेलं असतं." तिचं खरं होतं, म्हणून जास्तच चीड आली. शेवटी मिळाली ती साडेतीन महिन्यांनंतरची तारीख. आई म्हणाली, "मिळाली ना? मग झालं तर." तुमच्याच तालमीत तयार झालेली ती, दुसरं काय म्हणणार!

तुम्ही मार्केट यार्डात तोलणार म्हणून कामाला होतात. सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायची. कांद्याच्या थप्पीला टेकून मी बसले आहे आणि एक बडे व्यापारी घाईघाईने येतात. त्यांची गाडी खोळंबली आहे, तेवढा त्यांचा माल आधी तोलून हवा आहे. तुम्ही काट्यावरची नजर न काढता म्हणता, "आपल्या आधी चार जण आहेत. तेही इथे हवा खायला आलेले नाहीत." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. पण तोच बाणा तुम्ही घरीही आणायचात. रॉकेलच्या रांगेत शेजारच्या काकूंनी मला पुढे घेतलं, तर तुम्ही सगळ्यांदेखत मला दंडाला धरून पार शेवटी नेऊन उभं केलंत. मी आठ वर्षांची होते. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबलात आणि तो लागला तेव्हा पेढे वाटलेत. मग काळ बदलला. मी सॉफ्टवेअर कंपनीत लागले, पहिल्या पगारात मोबाइल आणला, तर तुम्ही तो उलटसुलट करून पाहिलात आणि विचारलंत, "नंबर नाही लावावा लागला?" गॅसची, स्कूटरची, फोनची, सगळ्या रांगा तुमच्या डोळ्यांदेखत मोडल्या. डॉक्टरांची तेवढी वाढत गेली.

त्याच वर्षी दोन जिने चढले की तुम्हाला धाप लागायला लागली. हृदयाच्या डॉक्टरांची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती. ते डॉक्टर म्हणजे माझ्या साहेबांचे साडू. मी तुम्हाला म्हटलं, साहेबांना एक शब्द टाकू का? तुम्ही पेपर खाली न ठेवताच म्हणालात, "कुणाला उठवून मला बसवणार?" विषय संपला. तारखेच्या नऊ दिवस आधी तुम्ही गेलात. आणि त्या तारखेला सकाळी दवाखान्यातून फोन आला, पेशंट येताहेत ना? मी सांगितलं, ते वारले. पलीकडची बाई म्हणाली, "अहो, मग आधी कळवायचं ना. दुसऱ्या कुणाला तरी नंबर दिला असता." तुम्हाला तिचं बोलणं पटलं असतं, बाबा, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

परवा आई माझ्यापाशी आली, पाठ केली आणि म्हणाली, "जरा हुक लावून दे गं." इतकंच. मी माझ्या एका सहकारी मैत्रिणीला फोन केला, तिचा नवरा त्याच हॉस्पिटलात आहे. दोन मिनिटांचं बोलणं. आजची अकराची वेळ मिळाली. बाहेर आमच्या शेजारी मांजरी गावाकडचे एक गृहस्थ बायकोला घेऊन बसले होते. "आमचा नंबर अकराचा व्हता," ते आपणहून म्हणाले, "आता साडेबारा म्हणत्यात. ऱ्हाऊ द्या, मधी कुणाचं तरी अडलं आसंल." आईने माझ्याकडे पाहिलं. "आपल्यामुळे का गं?" मी म्हटलं, छे, काहीतरीच काय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थरथर बरीच आटोक्यात येईल म्हणाले, आणि वर मला म्हणाले, "बरं झालं, वेळेवर आणलंत."

खोटं कशाला बोलू, त्या माणसासमोरून आत जाताना मला लाज वाटली नाही. तुमचा राग आला. इतकं सोपं होतं हे? वीस वर्षं मी येईल त्याला सांगत आले आहे की आमचे बाबा तत्त्वापायी गेले, आम्ही काय करणार. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून आज एवढं लिहून टाकते. तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला हायसं वाटलं होतं. नोकरी नवी होती, आणि केबिनमध्ये जाऊन साहेबांकडे घरचं काही मागायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. तुम्ही एकदाच नको म्हणाला होतात, बाबा. मी दुसऱ्यांदा विचारलंच नाही.