जॅगोची मखमली टोपी

कॅम्बोर्न, नोव्हेंबर १९५३

जॅगो,

बाबांना पुरल्यावर चहा रग्बी क्लबात होता. तू उत्तरेत पैसे घेऊन रग्बी खेळतोस, आणि अशा माणसाला आपल्या बिनपैशाच्या, हौशी क्लबात पाय ठेवता येत नाही. म्हणून सेक्रेटरी ट्रेमेननी तुला दारातच अडवलं. बाबांच्या पोटच्या पोराला! तू तसाच स्टेशनकडे वळलास.

काल तेच ट्रेमेन घरी आले. इंग्लंडकडून खेळलास तेव्हा मिळालेली तुझी टोपी त्यांना क्लबाच्या कपाटात मांडायचीय.

"आणि क्लबात लावलेला त्याचा फोटो?" आईनं विचारलं.

"तो उतरवला, बाई. नियमच आहे. पण टोपी म्हणजे गावाचा मान."

आईनं टोपी आणली, गोंडा सरळ केला आणि त्यांच्यादेखत, चहा गरम राहायला आच्छादन घालतात तशी, चहाच्या किटलीवर घातली.

"पोरगा चालत नाही, टोपी बरी चालते! बसा, चहा घ्या."

ते कसले बसतायत! ते गेल्यावर आई टोपी छातीशी धरून खूप रडली. हे तुला कळवायचं नाही अशी तिची ताकीद आहे, म्हणून हे पत्र नुसतं लिहून ठेवतेय, टाकत नाही.

आज सकाळी मी गमतीनं टोपी किटलीवर घालायला गेले, तर आई केवढ्यानं ओरडली!

"ठेव ती! डाग पडेल. तो आल्यावर काय घालेल?"

तुझी बहीण,
मॉर्वेना