सव्वानऊ इंचांचा घट

नाशिक,
नवरात्राचा आठवा दिवस, सकाळी सव्वादहा

आदरणीय यादवभाऊ यांस,

सोमनाथचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो. पण मार्चपासून डावा गुडघा जमिनीला टेकत नाही, आणि साष्टांगात दोन्ही गुडघे मिळून एक अंग धरतात, म्हणजे माझा नमस्कार साडेसात अंगांचाच होतो. जे होणार नाही ते लिहू नये.) पत्राच्या माथ्यावर 'श्री' नाही, तेही विसरलो म्हणून नाही. का नाही ते साऱ्या सोयऱ्यांत तुम्हा एकट्यालाच कळेल.

वहिनींचा हात कसा आहे? प्लास्टर कोपराच्या वर घेतलंय की खाली, हे सविस्तर कळवा. लताला फोनवर विचारलं तर ती म्हणाली 'हातभर आहे', आणि हातभर हे काही हाताच्या प्लास्टरचं माप नाही. तुमचं बीपी, चि. पायलची परीक्षा, आणि मी दिवाळीत रिवाइंड करून दिलेली तुमच्या बोअरची मोटार, तिघांची खुशाली लिहा. मोटार आवाज करत असेल तर तो बेअरिंगचा आहे, वाइंडिंगचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आजच्या काळात पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमचा मोबाइल घरात जो जवळ बसला असेल तो उचलतो, व्हॉट्सअॅप पायल सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते, आणि लता सध्या माहेरी, तुमच्याकडेच आहे. म्हणून हे तुमच्या रेल्वेच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे. वाचून झालं की फाडा. (चार तुकडे पुरत नाहीत. निदान सोळा करा.) एक नाजूक काम आहे, ते शेवटी लिहितो. त्याआधी सगळं क्रमाने समजलं पाहिजे.

आपण दोघं एकमेकांना खऱ्या अर्थाने ओळखायला लागलो ते वणीच्या गडाच्या पायथ्याशी, हे तुम्हाला आठवत असेलच. सगळं वऱ्हाड वर दर्शनाला गेलं आणि चपला सांभाळायला तुम्हीही मागे राहिलात आणि मीही. अठ्ठावीस जोड चपलांना दोन प्रौढ माणसं कशाला लागतात, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता. तिसऱ्या चहाला तुम्ही तो विचारलात आणि मी खरं उत्तर दिलं. त्याला बावीस वर्षं झाली. देव मानत नाही ही गोष्ट मी तुम्हाला आणि लताला सोडून कुणाला कळू दिलेली नाही. नववीनंतर शाळा सुटली. पुढचं सगळं, वाइंडिंगपासून विश्वापर्यंत, रद्दीतली पुस्तकं आणून मी स्वतः शिकलो, आणि देव नाही हेही कुणाच्या नादाने नाही तर स्वतःच पडताळून ठरवलं. पण लताची एक अट होती. घरात काय मानायचं ते माना, दारात बोलू नका. आधी आई होती म्हणून, मग आमच्या मुलीचं, वैष्णवीचं, लग्न व्हायचं होतं म्हणून. आता आईला जाऊन चार वर्षं झाली आणि वैष्णवी देवळाली कॅम्पात सुखात आहे. तेव्हा यंदा दसऱ्याला जाहीर बोलून टाकायचं, असं मी श्रावणातच ठरवलं होतं.

आणि नेमका वहिनींचा हात मोडला. (मी दोष देत नाही. ओल्या फरशीवर कुणीही पडेल.) लता घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मनमाडला निघाली. आमच्या घरातला घट आईच्या काळापासून एकही वर्ष चुकलेला नाही, आणि त्याच्याजवळचा दिवा नऊ दिवस विझत नाही. मी म्हटलं, निवांत जा, मी बसवतो. तिने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही मानत नाही ते ठीक आहे. पण दिवा आईंचा आहे. शब्द द्या." मी शब्द दिला. भाऊ, ज्याच्यावर आपला विश्वास नाही त्याच्या नावाने शपथ घेता येत नाही, म्हणून मी नुसता शब्द दिला, आणि नुसत्या शब्दाला मागे कुणाचा टेकू नसतो. तो पूर्ण आपल्यालाच सांभाळावा लागतो.

एखादं काम करायचं तर नीट, हा माझा स्वभाव. मखमलाबादहून वावरातली काळी माती आणली, दोन वेळा चाळली. गहू आठ तास भिजवला (लता अंदाजे भिजवते). परडीत मातीचा थर दीड इंच, त्यावर दाणा, त्यावर पाव इंच माती. मधे मडकं, पानं, नारळ, सगळं लताने वहीत लिहून दिल्याबरहुकूम. पाणी तांब्याने न ओतता दहा मिलीच्या सिरिंजने, सकाळी चार आणि संध्याकाळी दोन, म्हणजे दिवसाला बरोबर साठ मिली. पाणी कमी पडलं तर दाणा रुसतो, जास्त झालं तर बुरशी धरते. बुरशीसाठी दुकानातला टेबलफॅन आणून एक नंबरवर, भिंतीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे भिंतीवर आपटून येणारी हवा घटाला हळुवार लागते. दिव्याचीही पाहणी केली. त्याच्या मागे एक काडेपेटी ठेवलेली दिसली. अखंड तेवणाऱ्या दिव्याजवळ काडेपेटीचं काय काम? तर्काला धरून वाटलं नाही, म्हणून ती मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

चौथ्या दिवशी रोपं पावणेचार इंच झाली. स्टीलच्या पट्टीने मोजली आहेत, आठ ठिकाणी मोजून सरासरी काढली आहे. शेजारच्या लंकाबाई माळ घालायला आल्या आणि परडीपुढे उभ्याच राहिल्या. लंकाबाई म्हणजे आमच्या आळीतलं सगळ्यात मोठं माणूस, वय ऐंशीच्या पुढे, मला सगळे नाना म्हणतात, पण त्या अजून एकेरीत बोलतात. त्यांच्या घरी तोवर जेमतेम कोंब दिसत होते. त्यांनी जाऊन सांगितलं असणार, कारण दुपारपासून बायकांची रीघ लागली. आमच्या पंचवटीच्या बोळात दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी एवढी गर्दी होत नाही. कुणी घटाला हात जोडले, मग वळून मला जोडले. कुणीतरी म्हणालं, आई प्रसन्न झाली. मी सिरिंज दाखवली. त्यांनी सिरिंजलाही हळदकुंकू लावलं.

हे मला सहन होईना. जी गोष्ट मातीने, पाण्याने आणि पट्टीने केली, तिचं श्रेय तिसरीकडेच चाललं होतं. (माझ्याकडे यावं असं म्हणत नाही. पण निदान मातीला मिळावं.) म्हणून दसऱ्याची वाट न बघता लंकाबाईंना बाजूला घेऊन स्पष्ट म्हणालो, की लंकाबाई, मी देव मानत नाही. बावीस वर्षांत हे वाक्य उच्चारायची पहिलीच वेळ. त्या म्हणाल्या, "माहिती हाय रे नाना. पाणी किती घालतो त्ये सांग." आता काय करायचं? भाविक माणसाच्या कानात ते वाक्य शिरतच नाही, असं मी समजलो. संध्याकाळी आमच्या नवरात्र मंडळाचा अध्यक्ष चंदर आला. दसऱ्याला संध्याकाळी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार आणि माझं पाच मिनिटांचं भाषण ठेवलंय म्हणाला. मी म्हटलं, चंदर, नीट ऐक, मी नास्तिक आहे. तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "तेच तर नाना! म्हणून तर तुम्हाला बोलावतोय." म्हणजे ऐकलंच नाही. मी सत्कार स्वीकारला, तो एवढ्यासाठीच की माइक हातात आला म्हणजे सगळ्यांना एकदाच आणि नीट ऐकू जाईल. भाषणाचा मसुदा तयार आहे, सव्वाचार मिनिटांत बसतो.

आता नाजूक भाग. पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लंकाबाई आरती म्हणत होत्या, डोळे मिटून. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. उकाडा होता आणि त्यांना घाम आला होता, म्हणून मी माणुसकीने फॅनचं तोंड अंदाजे पंधरा अंश त्यांच्याकडे वळवलं. दिवा त्या रेषेत येतो हे माझ्या लक्षात आलं नाही. भाऊ, दिवा विझला.

मी स्वयंपाकघरात धावलो, काडेपेटी सापडेना, लायटर घेऊन परत आलो आणि पेटवला. चाळीस सेकंद गेले असतील. लंकाबाईंचं कडवं चालूच होतं, डोळे मिटलेलेच. कुणालाही काही कळलं नाही. माझ्या मताप्रमाणे तर काही घडलंच नाही. एक वात विझली, तेल होतं, हवा होती, पुन्हा पेटली. पण तेव्हापासून मला जेवण जात नाही. दुकानात काल एका पंपाला उलटं कनेक्शन दिलं, असं एकोणतीस वर्षांत झालेलं नाही. लोक येतात, दिव्याला नमस्कार करतात, म्हणतात, बघा कसा अखंड तेवतोय, आणि मी मान हलवतो. देव न मानण्याचं खोटेपण मी बावीस वर्षं आरामात वागवलं, आणि हे चाळीस सेकंदांचं मला तीन दिवस पेलवत नाही. परवा माइक हातात घेऊन मी खरं बोलायला उभा राहणार, आणि लताला दिलेल्या शब्दाचं काय झालं हे मनात दाबून. ते कसं जमावं?

बाकी सर्व ठीक. घट आज सकाळी सव्वानऊ इंच. लताचा आजवरचा सर्वांत उंच सहा इंच होता (हे तिला सांगू नका). वहिनींना हाताची बोटं हलवत राहायला सांगा.

आपला,
सोमनाथ

ता. क. (त्याच दिवशी, दुपारी) – ते काम. लता दसऱ्याच्या सकाळी निघायच्या आधी, तुम्ही थोरले भाऊ म्हणून, चहाच्या वेळी, दिव्याची गोष्ट तुमच्या शब्दांत तिच्या कानावर घाला. मला फोनवर जमणार नाही. ती आधी गप्प बसते, आणि ते गप्प बसणं फोनवर फार मोठं ऐकू येतं.

ता. क. २ (नवव्या दिवशी सकाळी) – काल पोस्टात गेलो तोवर टपाल निघून गेलं होतं. आज पुन्हा निघालो, तर मनात आलं की हे पत्र दसऱ्याच्या आधी पोहोचणार कसं? शिवाय शब्द मी दिला होता, तुम्ही नाही. म्हणून पोस्टाच्या पायरीवर बसून लताला फोन केला आणि सांगून टाकलं. पंधरा अंशांसकट. ती गप्प बसली. मग म्हणाली, "चार दिवस लावले हो तुम्ही."

लंकाबाईंनी तिला पाचव्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनीच कळवलं होतं. त्यांचे डोळे मिटलेले नव्हते, किलकिले होते. मी म्हटलं, मग तू बोलली का नाहीस? तर म्हणे, तुम्ही सांगता का ते बघत होते. आणि पुढे असं म्हणाली की दिवा दरवर्षी विझतो. कधी एकदा, कधी दोनदा. दार उघडलं, मांजर गेलं, वातीला काजळी धरली. आईनेच तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं की विझला तर पेटवायचा, देवीला सॉरी म्हणायचं आणि कामाला लागायचं. "नाहीतर दिव्यामागं काडेपेटी कशाला असते हो?" असं विचारून ती बराच वेळ हसली. माझी आई मला हे कधी बोलली नाही. मला वाटतं, घरात नेम अक्षरशः पाळणारा मी एकटाच निघालो.

मग मी दसऱ्याच्या भाषणाची परवानगी मागितली, की आता तरी दारात बोलू का. लता म्हणाली, "बोला की, पण सांगणार कुणाला? आळीत सगळ्यांना माहीत आहे. आरतीला तुम्ही टाळ्या वाजवता आणि ओठ हलवत नाही, हे बायकांना पहिल्याच वर्षी दिसलं. वैष्णवीच्या सासरी तर पत्रिका जुळवायच्या आधीच मी सांगून टाकलं होतं. एवढी गर्दी लोटली ती कशासाठी वाटली तुम्हाला? घट तर सगळ्यांच्याच घरी येतात. न मानणाऱ्याच्या घरी सव्वानऊ इंच आला, ते बघायला आले लोक." म्हणजे, भाऊ, चंदरने ऐकलं होतं. लंकाबाईंनीही ऐकलं होतं. मी बावीस वर्षं जे झाकून ठेवलं, ते फक्त मला झाकलेलं दिसत होतं. भाषणाचा मसुदा रद्द केला आहे. त्याऐवजी चाळणीचा नंबर आणि पाण्याचं माप सांगतो. लता म्हणते, लोकांना तेच हवं आहे, आणि तिलाही.

ता. क. ३ – तेव्हा पत्र फाडू नका. घरी न्या, लता इकडे निघाल्यावर पोहोचलं तरी चालेल, पायलला मोठ्याने वाचू द्या, वहिनींचंही मन रमेल. फक्त एक विनंती आहे, आणि खरं तर आता हेच माझं काम समजा. फॅन पंधरा अंश वळवल्याचा जो परिच्छेद आहे, तो वाचताना गाळायला सांगा. माणूस देव मानत नाही, हे लोक पोटात घालतात, ते मी आता पाहिलं. पण एकोणतीस वर्षं मोटारी आणि पंखे दुरुस्त करणाऱ्या माणसाला वारा कुठे जाईल ते कळलं नाही, ही गोष्ट मनमाडपर्यंत जायला नको. मनमाडात माझी चार गिऱ्हाइकं आहेत.