डेकवरच्या टबाबाबत माझं अखेरचं म्हणणं

मी, आर्लीन कोर्होनेन, वय एक्क्याऐंशी, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर, राहणार डुलुथ, मिनेसोटा, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दबाव धाकटा भाऊ रेइनो कित्येक वर्षं आणतोच आहे, पण तो टबासाठी.

कलम १. सरोवराकाठचं माझं स्वकष्टार्जित घर, मागच्या दाराबाहेर खांबांवर उभ्या असलेल्या उघड्या लाकडी डेकसह, रेइनोला मिळावं. बँकेतली शिल्लक आणि सगळी हत्यारं त्याची मुलगी कायसा हिला. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही तिचंच. रेइनोच्या हाती ड्रिल देऊ नये.

कलम २. डेक मी लागतं त्याच्या अडीचपट मजबूत बांधला. तेव्हापासून रेइनोचं एकच पालुपद: "अगं ताई, दीडपट फुकट पडून आहे की! गरम पाण्याचा टब सहज पेलेल. बर्फ पडतोय, आपण आत बसून बिअर पितोय!"

फुकट काही पडलेलं नाही. लाकडातली न दिसणारी गाठ, गंजलेला बोल्ट, ओल्या बर्फाचा थर आणि माझ्या हिशेबातली चूक, यांच्यासाठी ते राखलेलं आहे. या शहाण्याने तेच आधी सरपणाच्या ढिगाला दिलं, मग लोखंडी शेगडीला, मग कायसाच्या लग्नातल्या नाचाला. एकच ताट तिघांना वाढलं आणि वर म्हणतो, अजून उरलंय!

कलम ३. या शरद ऋतूत रेइनो मासेमारीला गेला असताना मी डेकखाली नवे पाये भरून जाड खांब बसवून घेतले. काठोकाठ भरलेला टब, रेइनो, त्याची बायको आणि त्यांची बिअर धरून हिशेब केला, त्यावर पुन्हा अडीचपट. टबाचा खर्च माझ्या पैशातून व्हावा.

हे त्याला अजून सांगितलेलं नाही. दर शनिवारी तो येतो, कॉफी पितो, गोड पाव संपवतो आणि विचारतो, "टबाचं काय?"

"नाही."

"बरं. पुढच्या शनिवारी विचारतो."

माझा भाऊ मला फार प्रिय आहे. हो म्हटलं असतं तरी तो येत राहिला असता, असं मला वाटतं. पण जिथे खात्री नसते, तिथे मी थोडं राखूनच ठेवते.

वाचून, समजून सही केली.
आर्लीन कोर्होनेन

आमच्यासमक्ष: डोलोरेस पाव्हलिच, शेजारीण
हार्लन सोबर्ग, शेजारी (लग्नात डेकवर नाचलेले)

डुलुथ, १४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार