ज्वारीएवढा दाणा

डोणगाव, ता. ११ जानेवारी १९६६

तीर्थरूप दादांस, गीताचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या शारदेला तेरावे वर्ष लागले आणि तिचा कणा डावीकडे कलला. दुखणे दिवसा विसरते, रात्री परत येते. मामंजी म्हणतात, विळा तापवून पाठ डागू. अमावास्येपर्यंत कसेबसे थांबवले आहे. शेजारच्या मनकर्णाबाई देवीचा अंगारा पाण्यात देतात आणि अर्ध्या तासात पोर झोपते. आठ महिने हेच चालले आहे. मला त्या गुणाचेच भय वाटते. पुडी सोबत पाठवते. हसू नका.

तुमच्या पत्राची वाट पाहणारी,
गीता

नागपूर, ता. १५ जानेवारी

चि. सौ. गीता हिस अनेक आशीर्वाद.

हसलो नाही, उलट हरखलो. कोवळे वय, रात्रीचे दुखणे, वाकलेला कणा. आणि अॅस्पिरिनने ते चटकन थांबत असेल, तर बहुधा मणक्यात एक बारीकशी गाठ आहे. ती कर्करोग नव्हे. तिच्या बाजूचे स्नायू आखडतात आणि कण्याला ओढून धरतात. मनकर्णाबाईंचे यजमान कंपाउंडर होते ना? त्यांच्या उरलेल्या गोळ्या त्या राखेत कुटत असणार. म्हातारी चलाख आहे. डागू मात्र देऊ नकोस. कातडी जळेल आणि गाठ आत तशीच राहील. तुझ्या उत्तमरावांना सांगून शारदेला इकडे घेऊन ये.

तुझा,
दादा

नागपूर, ता. २० एप्रिल

चि. सौ. गीता हिस आशीर्वाद.

एक्स-रेत पांढऱ्या हाडामध्ये ज्वारीएवढा काळसर ठिपका होता, तो तू पाहिलासच. सोमवारी, २१ फेब्रुवारीला, नेमका तोच दाणा आम्ही काढला. परवा खणात तुझी पुडी सापडली, म्हणून रसायनशाळेत तपासली. अॅस्पिरिन असते तर जांभळा रंग यायला हवा होता. तीनदा पाहिले. नुसती राख आहे. निदान बरोबर ठरले, पण ज्या पायरीवरून मी तिथवर चढलो ती पायरी मुळी नव्हतीच. मनकर्णाबाईंना विचारून कळव.

दादा

डोणगाव, ता. २७ एप्रिल

तीर्थरूप दादांस, शि. सा. न. वि. वि.

शारदेची वेणी आता पाठीच्या मधोमध पडते. मनकर्णाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, गोळ्या काऊन कुटू बाई, राखच होती; दुखणं मी माह्याकडे घेऊन राह्यली होती. नऊ महिने त्यांचा रात्री डोळा लागला नाही. २१ फेब्रुवारीच्या सकाळी दुखणे एकाएकी सुटले म्हणतात. दादा, तो दिवस मी गावात कुणालाच कळवला नव्हता.

मग त्या पाठमोऱ्या झाल्या. त्यांचा कणा डावीकडे कलला आहे. शारदेला सांगू नको म्हणाल्या.

तुम्हाला एवढेच विचारायला सांगितले आहे, की दाणा खरेच ज्वारीएवढा होता काय. त्यांना तर तो सुपारीएवढा वाटे.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

गीता