सहाव्या मजल्यावरून दिसणारं छप्पर

४ फेब्रुवारी, सोमवार

विकणार नाही! पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. आठवडाभरात इथल्या गाद्यांनी आणि टॉवेलांनी माझं डोकं फिरवलंच, तर मागचं पान उलटून बघता येईल.

झालं ते असं. आमच्या मागच्या भिंतीला लागून या हॉटेलची बाग आहे. बागेतलं तळं गळलं आणि पाणी भिंतीतून थेट माझ्या फ्रेमच्या दुकानात. फोटोभोवती लावायच्या पुठ्ठ्यांचा, माउंटबोर्डांचा गठ्ठा फुगून पावासारखा झाला. एका गिऱ्हाइकाचा आईवडिलांचा जुना फोटो गेला, तो माणूस माझ्यासमोर रडला. वर घरातही ओल. हॉटेलवाल्यांनी चूक कबूल केली. न करून सांगतात कोणाला? माझ्या दुकानाच्या काउंटरखाली त्यांच्या तळ्यातला लाल मासा तडफडत होता! बरणीत घालून मीच नेऊन दिला. जिवंत.

भिंत दुरुस्त होईपर्यंत आम्हा नवराबायकोला इथे खोली. सहावा मजला. जेवणखाण सगळं फुकट. तिथेच मला वास आला. शेजारचा इस्त्रीवाला गेल्या वर्षी यांनाच जागा विकून गेला. त्या रांगेत आता यांच्या डोळ्यांत खुपणारं राहिलंय कोण? मी!

लॉबी म्हणजे भर शहरात जंगल. उंचच उंच ताड, धबधबा, वेताच्या खुर्च्या आणि कुठे दिसत नाहीत असे पक्षी ओरडतायत. आल्या आल्या शहाळ्यात घातलेलं हिरवं सरबत, वर कागदाची छत्री. हिने घेतलं. मी साधं पाणी मागितलं.

काउंटरवरच्याने माझ्या नावापुढे ‘सुतार’ लिहिलं. खोडायला लावलं. म्हटलं, सुतार लाकूड कापतो, मी कोपरा जुळवतो. तो म्हणाला, “एकच ना सर?” एकच! त्याला नीट समजावण्यात बराच वेळ गेला. तोवर इथल्या मॅनेजरबाई हिला झाडांखाली घेऊन गेल्या होत्या. लांबून बघितलं — ही माझ्याकडे बघत होती. मग तिने मान हलवली आणि हसली.

सरबताचा परिणाम.

५ फेब्रुवारी

सकाळी हॉटेलची पाहणी केली. प्रत्येक झाडाला हात लावून आलो. खालची खरी आहेत, पहिल्या मजल्यावरची प्लास्टिकची. धूळ बरोबर पुसतात, हे कबूल करावं लागेल. पक्षी टेपवर आहेत. एक पक्षी शीळ घालताना मधेच अडखळतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तिथेच अडखळतो. पकडला!

आमच्या पलंगाच्या वर, भिंतीवर पोपटांच्या जोडीचं चित्र. फ्रेमचा डावीकडचा खालचा कोपरा उघडा पडलाय. पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट! काटकोन न तपासता खिळे मारले की असंच होणार. मला कोणी शिकवलं नाही. भंगारातल्या जुन्या फ्रेमा उसवून उसवून शिकलो, पण असा कोपरा मी पहिल्या वर्षीसुद्धा दिला नसता. खिशातली पाणसळ लावून बघितली. बुडबुडा उजवीकडे पळाला. म्हणजे टांगलंयही वाकडं.

“अहो, झोपा ना आता,” ही म्हणाली. “ते पोपट काही पडत नाहीत अंगावर.”

झोप कसली लागते! गादीत माणूस रुततो.

६ फेब्रुवारी

आज जागेबद्दल कोणी काही बोललं नाही. आधी मऊ करून घेतायत.

७ फेब्रुवारी, गुरुवार

खिडकीतून आमचं छप्पर दिसतं. इतकी वर्षं तिथे राहिलो, वरून कधी बघितलं नव्हतं. गंजलेला पत्रा, त्यावर दगड ठेवलेले, एक फुटकी बादली — ती हरवली म्हणून मी इस्त्रीवाल्यावर संशय घेतला होता! मागे हॉटेलची उंच भिंत आणि तिच्यावर वेली. हॉटेलच्या बाजूने ती भिंत किती सुंदर दिसते! आमच्या बाजूने नुसतं सिमेंट. ती उठली तेव्हा आमच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी विटांनी बुजवावी लागली, नाहीतर उघडली की समोर वीतभरावर भिंतच. तेव्हापासून भर दुपारीही तिथे दिवा लागतो.

ही खुर्ची ओढून दिवसभर या खिडकीशी बसते. मी विचारलं, “काय बघतेस एवढं?”

“काही नाही. बघतेय.”

थोड्या वेळाने म्हणाली, “आपलं घर केवढंसं दिसतं, नाही?”

हेच! हेच त्यांना हवंय! माणसाला वर नेऊन बसवायचं आणि त्याचंच घर त्याला छोटं करून दाखवायचं. मी म्हटलं, “लांबून सगळंच छोटं दिसतं.” आणि पडदा ओढला. तिने तो परत उघडला.

संध्याकाळी इस्त्रीवाल्याचा फोन. “काय फ्रेमवाले, राजेसाहेब झालात म्हणे! आले का बोलायला?” म्हटलं, अजून नाही. “येतील येतील. माझ्याकडे मिठाई घेऊन आले होते. तुम्हाला तर अख्खं हॉटेल दिलंय!” हसत सुटला. मेला.

८ फेब्रुवारी

भाषण तयार केलं. आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं:

“बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मी आठवीत शाळा सोडली. पण माझ्या हाताखालून या गावातली अर्धी लग्नं, अर्धी बारशी आणि जवळजवळ सगळी मेलेली माणसं भिंतीवर गेली आहेत. त्या दुकानाची किंमत तुमच्या कोणत्याच यंत्रावर येत नाही.”

“मेलेली माणसं” आवाज जरा खाली आणून म्हणायचं. तिथे थांबायचं.

बाहेरून ही — “अहो, आत कोण आहे?”

“कोणी नाही!”

“मग भांडताय कोणाशी?”

एक गोष्ट इथे लिहायला हरकत नाही, हे पान कोण वाचतंय! जागा कागदोपत्री हिच्या नावावर आहे. सासऱ्यांनी लेकीला दिली. तेव्हा तिथे कोळशाचं गोदाम होतं. दुकान उभं केलं ते मी. मालक म्हणून सगळं गाव मला ओळखतं, आणि हिनेही कधी उलटा शब्द काढला नाही. सही लागेल तेव्हा हिची लागेल, पण नाही म्हणायचं काम माझं.

दुपारी हिला शोधत पोहण्याच्या तलावावर गेलो. बघतो तर साडी पोटरीपर्यंत धरून काठावर बसलेली, पाय पाण्यात! शेजारी मॅनेजरबाई, त्यांचेही बूट बाजूला काढलेले. मला बघून दोघी गप्प.

मी हिला म्हटलं, “हे असलंच पाणी आपल्या भिंतीत शिरलं!”

ही म्हणाली, “मग ओळखीचंच आहे की.”

मॅनेजरबाई खो खो हसल्या. “काका, तुम्हीही बसा ना. काकूंचे गुडघे बघा कसे मोकळे झालेत.”

काका! नातं जोडायला सुरुवात झाली. भाषण ओठांवर आलं होतं. पण पाण्यात पाय घालून बसलेल्या बाईसमोर ते शोभलं नसतं. उभ्या माणसासमोरच म्हणायचं.

रात्री लेकीचा फोन. “बाबा, भांडलात का कोणाशी?” म्हटलं, अजून नाही. “आई कशी आहे?” म्हटलं, तुझी आई दिवसभर लिफ्टने खाली-वर करतेय, उगाचच. लेक म्हणाली, “आपला जिना म्हणजे शिडीच आहे ना, बाबा.”

जिना मी स्वतः बसवलाय. पायऱ्या एकसारख्या आहेत!

९ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते सविस्तर लिहायलाच हवं.

पोपट सहन होईनात. सकाळी चित्र उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि निघालो दुकानात. मागचं उसवायचं, कोपरा नव्याने कापायचा, सरस, क्लॅम्प, संध्याकाळी परत जागेवर. कोणाला कळलंही नसतं. लॉबीत रखवालदाराने अडवलं.

“चादरीत काय आहे?”

“पोपट.”

आता याहून खरं उत्तर कोणतं होतं? त्याने चादर ओढली. हॉटेलचं चित्र! लोक जमले. कोणीतरी म्हणालं, “बघा, दिसतो साधा.” माझ्या डोक्यात तिडीक गेली. चोर? मी? मी ओरडलो, “अरे, असला कोपरा चोरेल कोण!”

मॅनेजरबाई धावत आल्या. त्या उभ्या होत्या. मीही उभा होतो. झाडांखाली, धबधब्यासमोर, सगळ्यांच्या देखत मी भाषण सुरू केलं. आठवी, लग्नं, बारशी, मेलेली माणसं, सगळं. “मेलेली माणसं”वर बरोबर थांबलो. शेवटी म्हटलं, “आठवडा काय, वर्षभर गाद्यांवर झोपवा. जागा मिळणार नाही! नाही म्हणजे नाही!”

वरचा पक्षी अडखळला.

मॅनेजरबाई हळूच म्हणाल्या, “काका, काकू पहिल्याच दिवशी नाही म्हणाल्या.”

“काय?”

“तुम्ही आलात ना, तेव्हाच मी विचारलं होतं. कागदावर त्यांचं नाव आहे म्हणून. त्यांनी नाही सांगितलं. आम्ही तो विषय तिथेच सोडला.”

“मग तलावावर काय बोलत होतात?”

“मी लोणी कसं कढवायचं ते विचारत होते. माझं दर वेळी करपतं.”

खोलीत आलो. ही खिडकीशी होती. विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही त्याच पावली बॅग उचलली असती. मला राहायचं होतं.”

“आणि नाही का म्हणालीस?”

“तुम्ही काय म्हणाला असतात?”

“नाहीच!”

“मग? तेच म्हटलं मी.”

छाती फुगली माझी! बायको असावी तर अशी! मी चौकी मांडून बसलो होतो आणि हिने दारातच लढाई जिंकली होती. म्हटलं, माग काय हवं ते. तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, “पोपट विचारा ना त्यांना. देतील का.”

दिले.

१० फेब्रुवारी

शेवटचा दिवस. पहिल्यांदा ते हिरवं सरबत प्यायलो. गोड आहे. छत्रीची काडी मात्र मधोमध बसवलेली नाही.

ही दुपारभर झोपली. दिवसा झोपलेली मी हिला कधी बघितलीच नव्हती. तोंड किंचित उघडं, हात मोकळे. उठवावंसं वाटलं नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

घरी! भिंत ठणठणीत केलीय, रंगही बरा दिलाय. कडेला ब्रशचे फराटे राहिलेत, पण जाऊ दे. पहिलं गिऱ्हाईक दारातच उभं होतं. मोठ्याने म्हणालो, “आम्ही कुठे जात नसतो!”

हिने कठडा धरला आणि जिना चढली. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची. मी खालून बघत होतो. पायऱ्या एकसारख्याच आहेत. तरी प्रत्येक पायरीला थांबत होती.

भर दुपारी वर दिवा लागला.

संध्याकाळी पोपटांचा कोपरा जुळवला. आता नखही जाणार नाही. विचारलं, कुठे लावू? तिने स्वयंपाकघरातली जागा दाखवली — जिथे खिडकी होती तिथली. मी लावलं, पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. वर बघितलं. म्हणाली, “थोडं खाली घ्या. बसल्यावर बाहेर बघितल्यासारखं वाटलं पाहिजे.”

खाली घेतलं.

१२ फेब्रुवारी

काम नीट झालं नाही. एक काच चुकीची कापली. माझ्याकडून!

१३ फेब्रुवारी

दुकान बंद ठेवलं. हॉटेलच्या पुढच्या दाराने आत गेलो.

मॅनेजरबाई घाबरल्या. “काका, परत गळतंय?”

“नाही. हिला विचारलंत तेव्हा मी कुठे होतो?”

“काउंटरवर. सुतार-सुतार करून भांडत होतात. काकू तुमच्याकडेच बघत होत्या.”

म्हटलं, “जागा तिची आहे. परत एकदा जाऊन विचारा. आत्ता. ती घरी एकटी आहे. मी इथेच थांबतो.”

त्या गेल्या आहेत. मी वेताच्या खुर्चीत बसून हे लिहितोय. डोक्यावर एक मोठं पान हलतंय. खालचं खरं की वरच्या मजल्याचं प्लास्टिकचं, कोण जाणे. हात लावून बघितलं नाही.